पोताचा धडा

१८ नोव्हेंबर १९५७, सोमवार

काल चांद्याहून परत. तीन आठवड्यांचं चित्रकलेचं शिबिर संपलं. वडशापर्यंत रेल्वे, पुढं धानाच्या बंडीतून. अंग मोडून निघालंय. बाळी आठ महिन्यांची झाली आणि मला विसरली. घ्यायला गेलो तर किंचाळली. भिवराच्या कडेवर गेली तेव्हा गप्प.

भिवरा माझ्याच चौथीतली, गावातल्या कवडू शेतकऱ्याची धाकटी. अकरा वर्षांची. शाळा सुटली की बाळीला खेळवायला येते. तिला कोणी बोलावलेलं नाही. बायको, यमुना, म्हणते, "मीच तिची वाट पाह्यतो आता."

शिबिरात वही भरली. चित्राचे मूलघटक सहा: रेषा, आकार, रंग, पोत, छायाप्रकाश, अवकाश. ठरवलंय, दर गुरुवारी एक. चौथीच्या सतरा पोरांनी मिळून एकच लांब कागद करायचा, त्यावर आपलं गाव. बदामी कागदाचे तीस ताव आणलेत.

हे.मा.ना वही दाखवली. आमची दोघांचीच शाळा. लहान वर्ग हेडमास्तरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. म्हणाले, "पोट्ट्याईचं गणित कच्चं हाये. चित्र काढून कोन पास होते?" पण नको म्हणाले नाहीत. पुढच्या वर्षी पेन्शन. आता कशालाच नको म्हणत नाहीत, आणि होही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रेषा. वर्ग बाहेर काढला. म्हटलं, रेषा शोधा. पोरं पांगली. कोणाला बंडीच्या चाकोरीत सापडली, कोणाला केळीच्या पानावर, एकाला गाईच्या फासळ्यांत. मग कोळसा दिला. भिवरानं मान वर न करता तिच्या बापाच्या धानाच्या चार बांध्या काढल्या. धुऱ्यांना नागमोडी वळण, मधून पाण्याची वाट, आणि अगदी कडेला एक झोपडी. एकही रेघ पुसली नाही. मला इतकी सरळ नजर नाही.

"ही झोपडी कोणाची?"

"बुडीची. बाची माय. वावर राखते. डुकरं येतेत न जी."

"थंडीतसुद्धा?"

"हो जी. सदाच राह्यते."

२८ नोव्हेंबर

आकार. सतरातले आठच हजर, बाकी कापणीला. भिवराही नाही. गोल, चौकोन, त्रिकोण यांतच उरकलं. मजा आली नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

रंग. हळद, गेरू, चुना, काजळी, सेमीच्या पाल्याचा रस. दिवसभर शाळेला पाल्याचा वास. ताव चिकटवायला खळ शिजत ठेवली होती. ती उतू जायला लागली तशी भिवरानं डबडं डाव्या हातानं उचलून खाली ठेवलं. फडकं नाही, काही नाही. मी ओरडलोच. ती हसली. "काई नाई झालं जी." पोरांना म्हटलं, पाहा, कशी धीट आहे. टाळ्या वाजवायला लावल्या.

कागद आता भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे.मा. दोनदा येऊन उभे राहून गेले. दुसऱ्यांदा चष्मा घालून आले होते.

१२ डिसेंबर, गुरुवार

जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

पोत शिकवायचा होता. पोरं म्हणाली, "पोतं का जी?" सगळे हसलो. सांगितलं, हात फिरवल्यावर जे कळतं तो पोत. खरखरीत, गुळगुळीत, मऊ, बोचरं. थैलीत वस्तू भरल्या होत्या: साजाची साल, मोराचं पीस, नदीतला गोटा, चिंचोके, घोंगडीचा तुकडा. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, हात आत घालायचा, जे लागतं ते सांगायचं. आधी उजवा, मग डावा. शिबिरात आम्हीही असंच केलं होतं.

भिवराच्या उजव्या हातानं सगळं ओळखलं. डावा घातला. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात साल अडकलेली मला वरून दिसत होती.

"काय लागतं?"

"काईच नाई जी. खाली हाये थैली."

पोरं हसली. मला वाटलं, थट्टा करते आहे. पुन्हा घालायला लावला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मीच तिची ती दोन बोटं धरून सालीवर घासली. जोरात घासली. साजाची साल म्हणजे मगरीची पाठ.

"आता?"

"तुमी माहा हात धरला हाये, येवढं समजते."

रुमाल सोडला. करंगळीच्या कडेला फोड, फुटलेला, ओला. "हे कधी भाजलं?" तिनं हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. तिलाच नवल. बाही वर केली तर कोपराखाली फिकट चट्टा, रुपयाहून मोठा. आणि मी, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं, "हा डाग केव्हापासून आहे?"

मागून एक पोरगी म्हणाली, "बुडीसारखंच होय हे."

भिवराच्या शेजारची पट्टीवरून सरकून दुसऱ्या ओळीत गेली. मग तिच्या मागची.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या गुरुवारचं डबडं. आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

१३ डिसेंबर

काल शाळा सुटताच हे.मा.ना सांगितलं. म्हटलं, रक्तपिती असावी, महारोग. ते खुर्चीत मागं रेलले.

"पोरीचं मालूम नव्हतं. बुडीचं हाये मालूम."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या गावाले मालूम हाये. पंधरा वर्सं झाले. हातापायाचे बोटं नाई राह्यले तिचे."

"मग कोणी बोललं का नाही?"

"बोलून काय होते? बुडी तिकडं वावरात राह्यते, लोकं इकडं गावात राह्यतेत. चालून राह्यलं होतं न, मास्तर."

आज भिवरा आली नाही. यमुनाला अजून काही सांगितलेलं नाही. संध्याकाळी बाळी दाराकडं बघत होती.

१४ डिसेंबर, शनिवार

कवडू आला. अंगणातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. तो हळू बोलत होता.

"साऱ्या वर्गासमोर तिचा हात घासला म्हन्ते पोट्टी. खरं हाये का जी?"

"मला माहीत नव्हतं, कवडूभाऊ."

"मालूम नव्हतं तं मले इचारा लागत होतं. घरी येऊन इचारा लागत होतं."

तो दाराकडं एकदा बघून आणखी हळू बोलला.

"मोठीचं, पार्बतीचं लगन हाये फागुनात. पावने चामोर्शीकडचे. त्याईच्या कानावर गेल्याबिगर राह्यते का आता?" मग हात जोडले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. "आता तरी चूप राहा जी."

यमुना आत बाळीला झोपवत होती. म्हणाली, "काऊन आला होता कवडू?" मी म्हटलं, पोरीच्या परीक्षेचं विचारायला.

१६ डिसेंबर, सोमवार

चौथीत आज सहा. बाकीचे आईबापांनी ठेवून घेतले. दुपारी तीन-चार बाप्ये आले. म्हणाले, त्या कागदावर तिचा हात लागला हाये, तो कागद शाळेत नोको. हे.मा.नी माझ्याकडं पाहिलं. मला तेव्हा खूप काही बोलता आलं असतं. शिबिरात रोगांवरही एक व्याख्यान झालं होतं, हा रोग असा कागदाला चिकटून राहत नाही हे मला माहीत होतं. म्हटलंही. पण कसं म्हटलं? स्वतःशीच बोलल्यासारखं.

कागद शाळेमागं जाळला. ज्यानं कागद भिंतीवरून उतरवून बाहेर आणला होता त्याच्याकडं काडीपेटी नव्हती. मी माझी दिली.

हे.मा. म्हणाले, नाव काटत नाई, गैरहजर लिहीत जा.

१७ डिसेंबर

यमुनाला विहिरीवर कळलं. घरी आली तेव्हा घागर रिकामी होती. बाळीचे सगळे कपडे चुलीवर उकळायला टाकले. बाळीला तीनदा न्हाऊ घातलं. पोर रडून रडून निळी.

"पाच दिवस झाले. तुमी मले काऊन नाई सांगतलं?"

"तू घाबरशील म्हणून."

"त्याच हातानं घास भरवत होती ती माह्या पोरीले."

मी समजावायला लागलो की हा रोग इतक्या सहज लागत नाही, वर्षानुवर्षं जवळ राहावं लागतं. तिनं मध्येच थांबवलं. "तुमी मास्तर हा. डॉक्टर नाई."

मग बऱ्याच वेळानं, चुलीपाशी, पाठमोरी, "काल आली होती. कुडाच्या बाहीर उभी होती. बाळी कुठी हाये म्हन्ली. मले वाटलं, तुमी घरी नाई म्हून आत येत नाई. मीच बोलावलं. ये म्हटलं. तं नाई म्हून मान हालवली अन् गेली. तिले समजलं होतं. मलेच नव्हतं मालूम."

आणि रडली. बाळीसाठी का त्या पोरीसाठी, विचारलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

वावरात गेलो. धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या. भिवरा आता बुडीसोबत झोपडीत. माय सकाळी भाकर-वरण घेऊन येते, दोघींचं एकत्र. गावात माय-बाप आणि पार्बती, म्हणजे पाहुण्यांना सांगायला की घरात काही नाही.

बुडीला पहिल्यांदा जवळून पाहिलं. साठीची असेल, दिसते ऐंशीची. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला म्हणाली, "तंबाखू हाये का?" नव्हती. "मंग कायले आले?"

मी म्हटलं, भिवराला डॉक्टरांकडं न्यायचं म्हणतो. दर पंधरा दिवसांनी बुधवारी कुरखेड्याला या रोगाच्या डॉक्टरांची गाडी येते. आता नव्या गोळ्या निघाल्यात. बुडीनं ऐकून घेतलं. "माह्या वक्ती कुठी गेल्त्या ह्या गोळ्या?" एवढंच.

भिवरा कोपऱ्यात. पाटी घेऊन बसली होती, पाटीवर काही नव्हतं.

३० डिसेंबर

कवडू आधी नाही म्हणाला, मग चार दिवसांनी आपणहून आला. "मी येत नाई. मी तिथी दिसलो का संपलं. तुमी न्या. कोनी इचारलं तं बाजाराले गेलो म्हना."

८ जानेवारी १९५८, बुधवार

रजा टाकली. भिवराला घेऊन जंगलवाटेनं कुरखेडा. सात मैल. ती पुढं, मी मागं. वाटेत मोहाचं झाड आलं की थांबायची. तिचे पाय दुखत होते, म्हणाली नाही.

बाजाराच्या मागं चिंचेखाली गाडी. डॉक्टर तरुण, चिडखोर चेहऱ्याचे, पण हात सावकाश. पिसानं तपासलं, मग टाचणीनं. ती डोळे मिटून "लागते", "नाई", "नाई", "लागते" म्हणत राहिली. कोपरामागची शीर चाचपून पाहिली, जाड झालेली.

"बरी होईल," म्हणाले. "दोन-तीन वर्षं लागतील. आठवड्याला दोन गोळ्या, एकही चुकवायची नाही. चुकवली की रोग पुढं जातो. मेलेली बोटं जिवंत होतील असं सांगत नाही. हात वाचेल."

मी विचारलं, शाळा?

"बसू द्या की! हिच्यापासून कोणाला धोका नाही. म्हातारीला आणा, तिच्यापासून आहे. आणि वर्गातली सगळी पोरं मला तपासायची आहेत." चिठ्ठी लिहून दिली, सहीशिक्क्यासह.

परतताना भिवरा पहिल्यांदा बोलली. "मास्तर, कागद पुरा झाला का जी?"

"नाही अजून."

"माह्या बांध्या हायेत न त्याच्यावर?"

"आहेत."

का खोटं बोललो, कळत नाही. वाट अजून चार मैल होती म्हणून असेल.

१० जानेवारी

डॉक्टरांची चिठ्ठी हे.मा.ना दिली. वाचली, घडी घातली, फायलीत ठेवली. "चिठ्ठी फायलीत, पोरगी घरी. अन् वर्ग तपासाचं नाव काढू नोका. आज नऊ पोट्टे येतेत, उद्या एक नाई येनार."

गोळ्यांची पुडी माझ्याकडं. कवडूच्या घरात ठेवता येत नाही, पार्बतीच्या सासरचं कोणी आलं तर. माझ्या घरात ठेवता येत नाही, यमुनासाठी. म्हणून शाळेच्या कपाटात, नकाशांच्या मागं. सोमवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की वावरात.

१५ जानेवारी

पार्बतीचं मोडलं. पाहुण्यांनी स्वतः येऊन सांगितलं नाही, निरोप धाडला की मुलाला इतक्यात करायचं नाही. कवडू वाटेत भेटला. मी थांबलो, तो थांबला नाही. पुढं जाऊन मागं वळला.

"एकीच्या हातापायी दुसरीचं घर गेलं, मास्तर."

संध्याकाळी यमुनाचा भाऊ आला. तिला आणि बाळीला सिंदेवाहीला घेऊन जातो म्हणाला, संक्रांतीसाठी. संक्रांत काल झाली. तिनं दोन्ही पेट्या भरल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

गोळी दिली. भिवराला दोन दिवस ताप होता, उतरला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल.

छायाप्रकाश राहिला होता, तो झोपडीतच शिकवायला घेतला. पाटी आणि काजळी. उजेड दारातून येतो, म्हणून एक बाजू उजळ, दुसरी काळी. मधली जागा हळूहळू काळी होत जाते, ती बोटानं पसरायची. तिनं उजव्या हाताचं बोट वापरलं. डावा हात मांडीखाली दाबून बसते आता. मी असलो की जास्तच.

३ फेब्रुवारी, सोमवार

तिनं बुडीचा हात काढला. चिंध्या सोडून. बुडीनं सोडू दिल्या. बोटांच्या जागी जे आहे तेच काढलं, कमी नाही, जास्त नाही. तिच्या जागी मी असतो तर मला पाहवलं नसतं, काढणं दूरच. बुडीनं पाटी दोन मनगटांत धरून उजेडाकडं केली.

"हा कोनाचा?"

"तुहा."

पुष्कळ वेळ पाहत राहिली. "बराबर हाये," म्हणाली. मग मला, "मास्तर, तुमी नोका येत जाऊ सारखे. तुमाले लेकरू हाये." मी तंबाखू नेली होती, ती घेतली. गोळी मात्र घेत नाही. डॉक्टरांकडं येत नाही. म्हणते, मले घेऊन जाल तं खाटेवर न्या लागन, अन् खाट कोन उचलते?

यमुनाचं पत्र नाही.

१७ फेब्रुवारी

बुडीला तीन दिवस ताप. कवडूची बायको झोपडीतच. गावात तिला विहिरीवर येऊ देत नाहीत, नाल्याला झरा खोदून पाणी भरते. वाटेत भेटली तर डोक्यावरचा पदर पुढं ओढून बाजूला होते. माझ्यासाठी की माझ्यापासून?

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल दुपारी बुडी गेली.

सुट्टीत कवडू शाळेच्या अंगणात येऊन उभा राहिला. आत आला नाही. "मी हावो, साळा हाये. दोघं लागतेत अजून." त्याचा मेव्हणा सिरोंच्याकडून आला होता, म्हणून तो. मी वर्ग सोडला. चौथ्यासाठी कवडू चार दारी फिरला. एक म्हणाला पाय मुरगळला, एक म्हणाला वावरात जातो. एका घरात तर बाई म्हणाली तो घरी नाही, आणि मागच्या दारानं त्याचं खोकणं ऐकू आलं.

तिरडी बांधून झाली. तिघांनी कसं न्यायचं याचा विचार करत उभे होतो. तेवढ्यात बांधीच्या धुऱ्यावरून हे.मा. येताना दिसले. धोतर वर खोचलेलं, चष्मा खिशात. मागच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले. उचलताना फक्त म्हणाले, "संबाळून, मास्तर. धुरा निसटता हाये."

भिवरा झोपडीच्या दारात. रडली नाही.

आज सकाळी हे.मा. नेहमीप्रमाणे वेळेवर, हजेरी घेत होते. लहानांच्या वर्गात पाच. त्यांनी पाचांची हजेरी पूर्ण आवाजात घेतली.

२ मार्च

यमुनाचं पत्र आलं. तिच्या भावानं लिहिलेलं. तुम्ही खांदा दिला हे कळलं. बदलीचा अर्ज करा, बदली झाली की येईल. खाली तिच्या अक्षरात एक ओळ: बाळी उभी राहायले लागली.

अर्ज लिहिला. पाठवला नाही अजून.

८ मार्च, शनिवार

कवडू घरी आला, आणि आज बसला. खाली, भिंतीला टेकून.

"आमी चाल्लो. बुडी होती तवर हालता येत नव्हतं. आता इथी थांबाचं काई कारन नाई." जमीन ठेक्यानं दिली. मेव्हण्याच्या गावाला जातात, सिरोंच्याच्या पुढं. तिकडं बोली तेलुगू, ओळखीचं कोणी नाही. पार्बतीसाठी तिकडं एक स्थळ आहे म्हणतो. "तिथी कोनाले मालूम नाई. पार्बतीचंबी होऊन जाईन अन् हिचंबी पुढं."

शाळेचा दाखला हवा होता. हे.मा.नी सही केली. कारण: वडिलांनी गाव सोडले. मी गावाचं नाव विचारलं, सांगितलं. मग माझा हात धरला. या माणसानं माझा हात कधी धरला नव्हता.

"हे नाव कोनाले सांगू नोका. कोनालेच. डॉक्टरलेबी नोको. त्याची गाडी तिथी आली, दोन मानसं इचारत फिरले, का पुन्हा तेच."

"गोळ्या?"

"द्याल तेवढ्या द्या. मंग पाहू."

"मग पाहू म्हणजे?"

"मास्तर," म्हणाला, "तुमाले हात दिसते. मले दोन पोरी दिसतेत."

मी वचन दिलं.

१२ मार्च

गेले. एकच बंडी. परीक्षेच्या दिवसांत जाणं होणार नाही म्हणून डॉक्टरांकडून मागच्या बुधवारी जादा मागून ठेवलेल्या आणि कपाटातल्या मिळून चाळीस गोळ्या. आठवड्याला दोन म्हणजे वीस आठवडे. धानाची रोवणी आटपेपर्यंत पुरतील. कवडूकडं दिल्या नाहीत. भिवराकडं दिल्या, तिला समजावून सांगितलं: सोमवार, शुक्रवार. एकही चुकवायची नाही. डाव्या हातानं चुलीवरचं काही उचलायचं नाही, रोज रात्री बोटं डोळ्यांनी पाहायची, कुठं कापलं-भाजलं का, कारण तुला ते कळणार नाही.

"हो जी."

"अवकाश राहिला," मी म्हटलं. सहावा घटक. काहीतरी बोलायचं म्हणून.

"राहू द्या जी," म्हणाली. मग खाली बघत, "तो कागद जाळला न, मास्तर? आमाले धूर दिसला होता वावरातून."

म्हणजे कुरखेड्याच्या वाटेवर तिला ठाऊक होतं. तिनं मला खोटं बोलू दिलं.

बंडी नाल्यापार होईस्तोवर उभा होतो. तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

१९ मार्च, बुधवार

कुरखेडा. एकटा. गोळ्यांचा हिशोब द्यायला जायला हवंच होतं.

चिंचेखाली पंधरा-वीस माणसं. पूर्वी पाच-सहा असायची. माझ्या मागं आमच्या गावची एक बाई, पदर नाकापर्यंत. मी ओळखलं, तिनंही. दोघांनी ओळख दाखवली नाही. तिचं नाव इथंही लिहीत नाही. पण ती आली आहे. कोणी सांगितलं तिला गाडीचं? माझ्याच वर्गातल्या गोंधळातून ऐकलं असणार.

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. "कवडूची मुलगी?"

"गाव सोडून गेले ते लोक."

"कुठं? कळवतो मी तिथल्या माणसाला. सिरोंच्यापर्यंत आमचे लोक आहेत. गोळी चालू राहील." पेनचं टोपण काढून थांबले.

त्या बाईचा श्वास मला मागं ऐकू येत होता.

"चौकशी करून सांगतो," मी म्हटलं.

"तुम्ही दाखला दिला असेल ना? तिथं असेल गाव."

"बघतो."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. "मास्तर, तुम्हीच आणली होती तिला. बाकीचे लपवतात ते मी समजू शकतो." मग तिच्या नावापुढची ओळ तशीच मोकळी ठेवून टोपण लावलं. "पुढची गाडी दोन एप्रिलला. तेव्हा सांगा."

हो म्हणालो. बाजूला झालो. ती बाई पुढं सरकली आणि बाही वर करायला लागली.